रुईवरची अळी: खान्देशातील घरात फुलपाखराचे संगोपन

अमेरिका आणि कॅनडा या देशांत मोनार्क नावाचे नारिंगी-काळे फुलपाखरू घरी वाढवण्याची प्रथा अनेक दशकांपासून रूढ असून, शाळांच्या वर्गांत व घरांच्या ओट्यांवर जाळीच्या पिंजऱ्यात त्याच्या अळ्या पाळून कोशातून फुलपाखरू बाहेर येताना पाहणे हा तेथील मुलांच्या निसर्गशिक्षणाचा परिचित भाग झाला आहे. मोनार्क महाराष्ट्रात आढळत नाही. परंतु ज्या प्रजातीसमूहात, म्हणजे ‘डॅनॉस’ या वंशात, त्याची गणना होते त्याच वंशातील एक फुलपाखरू जळगाव आणि धुळे जिल्ह्यांत नाल्याकाठी, रेल्वेमार्गाच्या कडेला, पडीक जमिनीत आणि शेताच्या बांधावर सहज दिसते. इंग्रजीत त्याला ‘प्लेन टायगर’ म्हणतात, त्याचे शास्त्रीय नाव ‘डॅनॉस क्रायसिपस’ असून स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनियस यांनी १७५८ साली मोनार्कबरोबरच त्याचेही नामकरण केले होते. मोनार्कच्या संगोपनाविषयी परदेशात जे ज्ञान साठले आहे त्याचा बराचसा भाग या आपल्या फुलपाखराला थोड्या फरकाने लागू पडतो, आणि जो भाग लागू पडत नाही तो येथील ऊन, येथील पिके व येथील झाडे यांच्यामुळे पडत नाही.

प्लेन टायगर ओळखणे कठीण नाही. पंख पसरल्यावर सात-आठ सेंटिमीटर भरणारे हे फुलपाखरू विटकरी-नारिंगी रंगाचे असते, पुढच्या पंखांची टोके काळी असून त्यांवर पांढऱ्या ठिपक्यांचा तिरका पट्टा असतो आणि मागच्या पंखांवर मोजके काळे डाग असतात. नराच्या मागच्या पंखावर एक जास्तीचा, मध्यभागी पांढरट असा डाग दिसतो, जो प्रत्यक्षात गंधद्रव्याची पिशवी आहे. याचाच भाऊबंद ‘स्ट्राइप्ड टायगर’ हा पंखांवरील ठळक काळ्या शिरांमुळे मोनार्कशी अधिक मिळताजुळता दिसतो, पण त्याच्या अळ्या रुईच्या कुळातील वेलींवर वाढतात व त्या वेली शोधून काढणे नवख्याला अवघड जाते. म्हणून प्रारंभ प्लेन टायगरपासून करणे योग्य. हे फुलपाखरू आफ्रिकेपासून आशियापर्यंत पसरलेले असून, प्राचीन इजिप्तमधील नेबामुन या अधिकाऱ्याच्या थडग्यातील, आज ब्रिटिश म्युझियममध्ये असलेल्या व सुमारे ३,३०० वर्षांपूर्वीच्या भित्तिचित्रात पाणपक्ष्यांच्या गर्दीत जी फुलपाखरे रंगवलेली आहेत ती याच जातीची मानली जातात.

फुलपाखरू पाळणे म्हणजे वस्तुतः एक झाड सांभाळणे होय, ही गोष्ट या विषयाच्या मुळाशी आहे. प्रौढ फुलपाखरू अनेक फुलांतील मध पिते, परंतु त्याची अळी मात्र ठरावीक वनस्पतींचीच पाने खाते. अशा वनस्पतीला खाद्यवनस्पती म्हणतात आणि ती नसेल तर फुलपाखराची मादी त्या परिसरात अंडीच घालत नाही. मोनार्कची खाद्यवनस्पती ‘मिल्कवीड’ या नावाने ओळखली जाणारी, पान तोडताच पांढरा चीक सोडणारी अमेरिकन झुडपे आहेत. प्लेन टायगरची खान्देशातील मुख्य खाद्यवनस्पती रुई असून तीही मिल्कवीडच्याच कुळातील आहे. अलीकडील वर्गीकरणानुसार याच मोठ्या कुळात कण्हेर व करवंद यांचाही समावेश होतो. रुईच्या दोन जाती येथे आढळतात. त्यांपैकी मोठी रुई फिकट जांभळ्या किंवा पांढऱ्या फुलांची असते, तर लहान रुई कोरड्या भागांत अधिक दिसते व तिच्या पाकळ्यांची टोके गडद जांभळी असतात. याखेरीज कुंपणावर चढणारी उतरण ही वेल आणि बागेत लावले जाणारे हळदीकुंकू हे मूळचे अमेरिकेतील झुडूपही या अळ्यांना चालते.

गुरे व शेळ्या रुईला सहसा तोंड लावत नाहीत, त्यामुळे जेथे चराईने बाकीचे सारे खुरटते तेथे रुई टिकून राहते. तिचे सोटमूळ खोल जात असल्याने खान्देशातील उन्हाळ्यातही ती हिरवी दिसते. तापी, गिरणा, पांझरा आणि बोरी यांच्या काठच्या मुरमाड जागा, गावाबाहेरचे उकिरडे आणि रस्त्यांचे भराव ही तिची नेहमीची ठिकाणे होत. शनिवारी मारुतीला रुईच्या पानांची माळ घालण्याचा परिपाठ गावोगावी असल्यामुळे ही वनस्पती घराघरांत माहीत आहे, पांढऱ्या फुलांच्या रुईला गणपतीच्या पूजेत मान आहे, आणि तिची कापसासारखे तंतू असलेली बी वाऱ्यावर तरंगताना ‘म्हातारी’ म्हणून पकडण्याचा खेळ मुलांच्या पिढ्यान् पिढ्या खेळत आल्या आहेत. तरीही रुईचे एकच झाड किती जिवांचा संसार चालवते याकडे फारसे लक्ष जात नाही. कोवळ्या शेंड्यांवर पिवळा मावा, त्याला खाणारे ढालकिडे, पानांवर निळ्या-पिवळ्या पट्ट्यांचे रंगीत नाकतोडे, फुलांवर काळे भुंगे आणि पानांच्या खालच्या बाजूला प्लेन टायगरची अंडी असा सारा व्यवहार एका झुडपावर चालू असतो.

रुईचा चीक हा या सर्व कथेचा कणा आहे. त्यात ‘कार्डेनोलाइड’ या वर्गातील विषे असतात, म्हणजे हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करणारी द्रव्ये, जी प्राण्यांच्या पेशींत सोडियम व पोटॅशियम यांची ने-आण करणारे प्रथिन बंद पाडतात. बहुतेक कीटकांना व प्राण्यांना दूर ठेवण्यासाठी वनस्पतीने कमावलेले हे संरक्षण आहे, परंतु डॅनॉस वंशातील अळ्यांना हे विष बाधत नाही. उलट त्यांतील काही ते आपल्या शरीरात साठवून स्वतःच्या बचावासाठी वापरतात. मोनार्कच्या शरीरात वनस्पतीतून आलेली ही हृदयविषे असल्याचे १९६८ साली रसायनशास्त्रज्ञ टाडेउश राइखश्टाइन, ज्यांना १९५० चे नोबेल पारितोषिक मिळाले होते, आणि ब्रिटिश कीटकशास्त्रज्ञ मिरियम रॉथ्सचाइल्ड यांनी सहकाऱ्यांसह दाखवून दिले, तर मोनार्क खाल्लेला ब्लू जे हा पक्षी ओकतो व पुन्हा त्या रंगाच्या फुलपाखराच्या वाटेला जात नाही हे संशोधक लिंकन ब्राउअर यांच्या प्रयोगांनी सिद्ध केले. प्लेन टायगरमध्ये या विषाचा साठा मोनार्कपेक्षा कमी व बदलता असतो, तरी त्याचे संथ, जमिनीलगतचे, जणू कोणाचीच भीती नसलेले उड्डाण याच संरक्षणाची साक्ष देते.

या संरक्षणाचा लाभ दुसरेही घेतात. ‘डॅनेड एगफ्लाय’ नावाच्या फुलपाखराची मादी दिसायला इतकी हुबेहूब प्लेन टायगरसारखी असते की अनुभवी निरीक्षकही फसतो, मात्र तिचा नर काळा असून त्याच्या पंखांवर जांभळ्या कडेचे मोठे पांढरे ठिपके असतात. स्वतः विषारी नसताना विषारी जातीचे रूप धारण करण्याच्या या प्रकाराला अनुकृती म्हणतात. तिच्या अळ्या घोळ या पावसाळी भाजीवर वाढतात, त्यामुळे परसातील घोळीवर कधी काळसर, काटेरी अळी दिसली तर घोळ उपटून फेकण्यापूर्वी ती नीट पाहावी. परंतु ही जात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या संरक्षित यादीत आलेली असल्याने तिला पकडणे किंवा बाळगणे टाळावे आणि निरीक्षण झाडावरच करावे. घरगुती संगोपन प्लेन टायगर किंवा लिंबावरील फुलपाखरू यांसारख्या सर्वत्र विपुल असलेल्या जातींपुरते मर्यादित ठेवणे हा सर्वांत सरळ मार्ग आहे.

संगोपनाची सुरुवात अंड्यापासून करणे उत्तम, कारण झाडावर मोठी झालेली अळी बहुधा परजीवी माशीने आधीच गाठलेली असते. अंडी घालणारी मादी रुईभोवती खालून घिरट्या घालते, पानावर क्षणभर बसून पायांनी त्याला चाचपते, कारण तिच्या पुढच्या आखूड पायांवर पानाची चव ओळखणारी इंद्रिये असतात, आणि मग पोट वाकवून पानाच्या बहुधा खालच्या बाजूला एकच अंडे चिकटवते व पुढच्या पानाकडे जाते. हे अंडे जेमतेम एक-दीड मिलिमीटर उंचीचे, रुपेरी पांढरे आणि उभ्या रेषांनी कोरलेले असते. अंडे कधीही खरवडून काढू नये. ज्या पानावर ते आहे ते पान देठासह खुडावे, घरी आणून डबीत ओलसर कागदावर ठेवावे आणि अंड्याचा रंग गडद होऊन त्यात अळीचे काळे डोके दिसू लागेपर्यंत थांबावे. पावसाळ्याच्या उबदार हवेत तीन-चार दिवसांत अळी बाहेर पडते आणि प्रथम आपल्याच अंड्याचे कवच खाते.

येथून पुढे सुमारे दोन आठवडे अळीचे खाणे हाच घरातील मुख्य उद्योग होतो. अळी वाढते पण तिची कातडी वाढत नाही, म्हणून ती चार वेळा कात टाकते. दोन कातींमधील टप्प्याला अवस्था म्हणतात आणि अशा पाच अवस्थांनंतर ती कोशात जाते. कात टाकण्यापूर्वी ती जवळजवळ एक दिवस निश्चल बसते, पान खात नाही, आणि नवख्या पालकांचा सर्वांत मोठा घात येथेच होतो, कारण अळी आजारी किंवा मेलेली समजून तिला उचलले जाते व रेशमाच्या ज्या पातळ गादीला तिने पाय अडकवलेले असतात ती तुटल्याने तिला कात सोडता येत नाही. अळीला हाताने ओढून काढू नये हा नियम म्हणूनच कटाक्षाने पाळावा. जुने पान बदलताना अळी बसलेला तुकडा कात्रीने कापून नव्या पानावर ठेवावा, ती आपण होऊन सरकते. वाढलेली अळी सुमारे चार सेंटिमीटर लांब, काळ्या-पांढऱ्या आडव्या पट्ट्यांची आणि पाठीवर पिवळ्या ठिपक्यांच्या जोड्या असलेली दिसते. तिच्या अंगावर काळ्या, मऊ, शिंगासारख्या तंतूंच्या तीन जोड्या असतात, तर मोनार्कच्या अळीला अशा दोनच जोड्या असतात. या तंतूंना विष नसते, अळी चावत नाही आणि तिच्यामुळे खाजही येत नाही.

अळी पान कसे खाते हे पाहण्यासाठी वेळ काढावा, कारण संगोपनातील सर्वांत मोलाचे दृश्य तेच आहे. रुईच्या पानातील नळ्यांत चीक दाबाखाली भरलेला असतो आणि पानाला चावा लागताच तो बाहेर उसळून सुकतो व घट्ट होतो. नुकतीच जन्मलेली अळी त्यात अडकून मरू शकते. म्हणून लहान अळी खाण्यापूर्वी पानावर गोल चर कोरते, चराच्या कडेने चीक वाहून जाऊ देते आणि मग आतला कोरडा भाग खाते, तर मोठी अळी पानाची मधली शीर किंवा देठच कुरतडते, ज्यामुळे पान खाली लोंबते आणि त्यातील चिकाचा पुरवठा तुटतो. वनस्पती आणि कीटक यांच्यात चाललेल्या अतिप्राचीन झुंजीचा हा डाव पाठ्यपुस्तकातील कोणत्याही आकृतीपेक्षा स्पष्टपणे समजतो. खुडलेल्या पानात चिकाचा दाब ओसरलेला असल्यामुळे घरातील अळीला हे श्रम कमी पडतात. ते पाहायचे असल्यास कुंडीतील जिवंत रोपावर किंवा बांधावरच्या झाडावर पाहावे लागते.

माणसाने मात्र या चिकाची भीती बाळगावी. तो डोळ्यांत गेल्यास बुबुळावरील पारदर्शक पटलाला गंभीर इजा होऊ शकते, त्वचेवरही काहींना दाह होतो आणि पोटात गेल्यास तो विषारी आहे. पाने खुडण्याचे काम मोठ्यांनी हातमोजे घालून करावे, खुडलेली पाने काही वेळ देठ खाली करून ठेवावीत म्हणजे चीक गळून जातो, मग ती पाण्याने धुऊन फडक्याने कोरडी करावीत, आणि काम संपेपर्यंत डोळ्यांना हात लावू नये. डोळ्यात चीक गेलाच तर भरपूर स्वच्छ पाण्याने डोळा धुऊन विनाविलंब डॉक्टरांकडे जावे. हळदीकुंकवाचा चीकही निरुपद्रवी नाही.

यासाठी लागणारी साधने घरातच मिळतात. रुंद तोंडाची प्लास्टिकची बरणी, तिच्या तोंडावर मच्छरदाणीचे कापड आणि रबर, तळाशी कोरा कागद एवढ्यावर तीन-चार अळ्या वाढतात. कोशासाठी मात्र उंच जागा हवी असल्याने पुठ्ठ्याच्या खोक्याच्या दोन बाजू कापून त्यांवर जाळी चिकटवलेला पिंजरा अधिक सोयीचा ठरतो. पाने ताजी राहावीत म्हणून डहाळी पाण्याच्या लहान बाटलीत खोचली जाते, पण त्या बाटलीचे तोंड कापसाने घट्ट बंद केले नाही तर अळ्या देठावरून खाली उतरून पाण्यात बुडतात. दररोज सकाळी तळाचा कागद बदलून विष्ठेच्या गोळ्या काढून टाकाव्यात, कारण दमट हवेत त्यांवर बुरशी येते आणि बुरशीबरोबर रोग येतो. गर्दी हा दुसरा शत्रू आहे. मोनार्कच्या बाबतीत ‘ओफ्रिओसिस्टिस’ नावाचा एकपेशीय परजीवी दाटीवाटीने वाढवलेल्या अळ्यांत झपाट्याने पसरतो, त्याचे सूक्ष्म बीजाणू फुलपाखराच्या अंगावरून पानांवर व पानांवरून अळ्यांच्या पोटात जातात, आणि बाधित फुलपाखरू कोशातून नीट बाहेर पडू शकत नाही असे आढळले आहे. ढिली पडलेली, काळवंडलेली किंवा अंगातून द्रव गळणारी अळी ताबडतोब वेगळी करावी आणि भांडे गरम पाण्याने व साबणाने धुऊन उन्हात वाळवावे.

पाने कोठून आणावीत हा प्रश्न खान्देशात विशेष महत्त्वाचा आहे. जळगाव, धुळे हा कापसाचा पट्टा असून कापसावर पांढरी माशी, तुडतुडे व बोंडअळी यांसाठी हंगामात अनेकदा फवारणी होते. वाऱ्याबरोबर तो फवारा बांधावरच्या रुईवर बसतो आणि बाहेरून ताज्या दिसणाऱ्या अशा पानांवर अळ्या काही तासांत मरतात. कापूस, केळी किंवा भाजीपाल्याच्या शेताला लागून असलेली पाने म्हणूनच टाळावीत आणि वस्तीतील मोकळी जागा, नाल्याचा काठ किंवा डोंगरउतार निवडावा. रोपवाटिकेतून आणलेल्या हळदीकुंकवावर झाडाच्या रसात भिनणारे कीटकनाशक वापरले गेले असेल तर धुऊनही ते जात नाही, तेव्हा असे रोप काही आठवडे वाढवून नवी पालवी आल्यावरच वापरावे. सर्वांत निर्धोक उपाय म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावर खोल कुंडीत किंवा परसात रुईचे बी पेरणे; मोठे झाड उपटून लावल्यास सोटमूळ तुटून ते बहुधा जगत नाही.

पूर्ण वाढलेली अळी खाणे थांबवते, बरणीत येरझारा घालते, उंच जागा शोधते आणि तेथे रेशमाचा लहानसा गोळा विणून त्याला मागच्या टोकाने उलटी लटकते. त्या वेळी तिचे शरीर आकड्यासारखे वळलेले असते. पुढील दिवसभरात पाठीची कातडी फाटून आतून मऊ, ओलसर कोश प्रकट होतो आणि तासाभरात तो आकार घेऊन घट्ट होतो. प्लेन टायगरचा कोश हिरव्या पानांत हिरवा व अन्यत्र बहुधा फिकट गुलाबी होतो, आणि त्यावर सोनेरी ठिपके व काळ्या-सोनेरी मण्यांची एक आडवी रेघ असते. आत अळीच्या अवयवांचा मोठा भाग विरघळतो व अळीच्या शरीरात आधीपासून असलेल्या पेशींच्या लहान गटांपासून पंख, पाय, सोंड व डोळे घडतात. हे काम आठ-दहा दिवस चालते, थंडीत त्याहून अधिक. कोश पडला तर तो टाकून देऊ नये. त्याच्या देठाशी उरलेल्या रेशमाला दोरा बांधून तो पुन्हा उलटा टांगता येतो.

कोश काळसर होऊन आतील नारिंगी पंख आरपार दिसू लागले की दुसऱ्या दिवशी, बहुधा सकाळी, फुलपाखरू बाहेर येते. त्याचे पंख त्या वेळी चुरगळलेले व लहान असतात आणि शरीरातील द्रव शिरांत ढकलून ते पंधरा-वीस मिनिटांत पसरवले जातात. त्यासाठी त्याला उलटे लटकायला खडबडीत आधार आणि खाली पंखांपुरती मोकळी जागा मिळालीच पाहिजे, अन्यथा पंख वाकडे सुकतात व ते कायमचे अपंग होते. बाहेर पडताना गळणारा तांबूस द्रव रक्त नसून कोशावस्थेत साठलेला मल असतो. पंख सुकण्यास काही तास लागतात. त्यानंतर उन्हाची तिरीप असेल अशा वेळी, शक्य तर जेथून अंडे आणले त्याच जागी, फुलपाखरू सोडावे, आणि सोडण्यापूर्वी त्याला साखरपाणी पाजण्याची गरज नसते.

घरातील हे काम परजीवींपासून सुरक्षित वाटत असले तरी शत्रू आत येतातच. मुंग्या अंडी पळवतात, म्हणून बरणी पाण्याने भरलेल्या ताटात ठेवावी. पाल जाळीबाहेरून अळीला ओरबाडते. झाडावर तर अंड्यात आपले अंडे घालणाऱ्या ट्रायकोग्रामा या गांधीलमाशीच्या अतिसूक्ष्म नातेवाइकांपासून अळीच्या पोटात वाढणाऱ्या टॅकिनिड माशीपर्यंत अनेकजण टपलेले असतात. कोशातून किंवा मरणासन्न अळीतून बारीक दोऱ्याला लोंबकळत पांढऱ्या अळ्या बाहेर पडल्या तर त्या टॅकिनिड माशीच्या समजाव्यात. ट्रायकोग्रामा खान्देशातील शेतकऱ्यांना अपरिचित नाही, कारण पिकांवरील किडींच्या नियंत्रणासाठी ‘ट्रायकोकार्ड’ नावाची जी कार्डे लावली जातात त्यांवर हेच कीटक असतात. मोनार्कच्या निरीक्षणांत शंभर अंड्यांपैकी दहाही फुलपाखरे होत नाहीत असे दिसते. हे नुकसान नव्हे. पक्षी, कोळी व परजीवी यांचे जगणे त्यावर उभे आहे आणि एका मादीने शेकडो अंडी घालण्यामागचे गणितही तेच आहे.

ऋतूचा विचार खान्देशात टाळता येत नाही. जळगाव व भुसावळ परिसरात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि अशा वेळी पत्र्याच्या छपराखालील बरणीतील अळ्या काही तासांत दगावतात, तर डिसेंबर-जानेवारीत वाढ इतकी मंदावते की महिनाभराचे काम दीड महिन्यावर जाते. जुलैच्या मध्यापासून नोव्हेंबरपर्यंतचा काळ योग्य, त्यातही पाऊस उघडल्यानंतरचे सप्टेंबर व ऑक्टोबर सर्वांत चांगले, कारण रुईला कोवळी पालवी असते आणि हवा फार दमट नसते. बरणी थेट उन्हात कधीही ठेवू नये. ज्यांच्याकडे रुई नाही पण लिंबू, कढीपत्ता किंवा बेल आहे, त्यांनी लिंबावरील फुलपाखराने सुरुवात करावी. त्याची लहान अळी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, मोठी हिरवी होते आणि छेडल्यास डोक्यामागून नारिंगी, दुभंगलेले, उग्र वासाचे अंग बाहेर काढते. तेच फुलपाखरू लिंबाच्या रोपवाटिकांत कीड मानले जाते, म्हणून बागायतदाराच्या परवानगीशिवाय त्याच्या रोपांवरून पाने घेऊ नयेत.

घरी वाढवलेल्या फुलपाखरांनी जाती वाचतात असा समज मात्र सोडावा लागेल. मोनार्कची उत्तर अमेरिकेच्या पूर्वेकडील पिढी हिवाळ्यात हजारो किलोमीटर उडून मध्य मेक्सिकोच्या डोंगरांतील देवदार-कुळातील जंगलात जाते हे १९७५ मध्ये तेथील मुक्कामाची जागा सापडल्यावर जगाला समजले. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन संशोधनात घरात वाढवलेल्या मोनार्कना दक्षिणेची दिशा धरण्यात अडचण येते असे आढळले, आणि झर्सीस सोसायटी ही अपृष्ठवंशी जीवांच्या संरक्षणासाठी काम करणारी संस्था मोठ्या संख्येने घरगुती पैदास करून सोडण्यास विरोध करते. स्थलांतर करणाऱ्या मोनार्कला आंतरराष्ट्रीय निसर्ग संरक्षण संघाने २०२२ मध्ये संकटग्रस्त ठरवले व पुढल्या वर्षी ते असुरक्षित या श्रेणीत ठेवले, परंतु त्यामागे पिंजऱ्यांची कमतरता नव्हती. अमेरिकेच्या मध्य-पश्चिमेतील मक्याच्या व सोयाबीनच्या पट्ट्यात तणनाशकाला दाद न देणारी पिके आल्यानंतर १९९९ ते २०१० या काळात मिल्कवीड सुमारे ५८ टक्क्यांनी घटले असा अंदाज जॉन प्लेझंट्स व करेन ओबरहाउझर या संशोधकांनी मांडला.

खान्देशाने या आकड्याकडे लक्ष द्यावे, कारण तेथे मिल्कवीडचे जे झाले तेच येथे रुईचे होऊ शकते. बीटी कापूस २००२ मध्ये भारतात मान्य झाला तेव्हा, १९९९ मध्ये बीटी मक्याच्या परागकणांनी मोनार्कच्या अळ्या मरतात असे एका प्रयोगशाळेतील प्रयोगाने सुचवल्याने उठलेला वाद अजून ताजा होता. शेतात केलेल्या अभ्यासांनी तो धोका बहुतांशी नगण्य ठरवला, आणि कापसाचे परागकण तर चिकट व जड असल्याने वाऱ्यावर दूर जातही नाहीत. खरी हानी परागकणांची नसून फवाऱ्याची, बांध नांगरून टाकण्याची आणि तणनाशकाची आहे. तणनाशक सहन करणारे बेकायदा कापसाचे बियाणे राज्यात वेळोवेळी उघडकीस येते, आणि मजुरी वाचवण्यासाठी बांधही फवारून काढण्याची सवय वाढली तर ताग, एकदांडी, भुरुंडी, खुळखुळा व रुई ही सगळीच झुडपे एकदम जातील. भुरुंडी व खुळखुळा ही नावे येथे उगाच घेतलेली नाहीत, कारण नर प्लेन टायगर त्यांच्या सुकलेल्या खोडांतून व शेंगांतून एक विशिष्ट अल्कलॉइड शोषतो, त्यापासून मादीला आकर्षित करणारा गंध तयार करतो आणि मीलनाच्या वेळी तेच रसायन तिला देतो. म्हणजे अळीला रुई लागते तसे प्रौढ नराला ही ‘निरुपयोगी’ समजली जाणारी तणे लागतात.

बांधाचा एक कोपरा न फवारता, न नांगरता सोडणे हे घरच्या बरणीपेक्षा मोठे काम आहे आणि ते करणाऱ्या शेतकऱ्याला काही किंमत मोजावी लागते हेही खरे. ज्यांच्याकडे शेत नाही त्यांनी शाळेच्या आवारात, देवळाच्या मागे किंवा वसाहतीच्या मोकळ्या जागेत रुईची दोन-चार झाडे राखावीत, आणि मारुतीच्या माळेसाठी पाने खुडणाऱ्यांनी पानाची खालची बाजू पाहून अंडे असलेली पाने झाडावर राहू द्यावीत. यावल अभयारण्यापासून अनेर धरणापर्यंतच्या सातपुड्याच्या पायथ्याचा मोठा भाग फुलपाखरांच्या दृष्टीने समृद्ध असला तरी गावांतील नोंदी अद्याप विरळ आहेत. घरी एक अळी वाढवणाऱ्याने अंडे कोणत्या दिवशी व कोणत्या झाडावर सापडले, किती दिवसांनी कोश झाला, नर निघाला की मादी, आणि कोणत्या महिन्यात झाडे रिकामी होती हे वहीत लिहून ठेवले, छायाचित्रासह ते भारतातील फुलपाखरांच्या सार्वजनिक संकेतस्थळांवर दिले, किंवा देशभर सप्टेंबरमध्ये चालणाऱ्या ‘बिग बटरफ्लाय मंथ’मध्ये नोंदवले, तर काही वर्षांत जळगाव-धुळ्यातील या फुलपाखराचा हंगाम, उन्हाळ्यातील त्याची घट आणि पावसानंतरची वाढ यांचे चित्र उभे राहील, आणि कोणत्या गावी रुई कमी झाल्यावर काय झाले हेही सांगता येईल.